रजिस्टरवर नसलेले कागद

लिहायला बसण्याआधी मी दाराला कडी लावली. घरात मी एकटीच आहे, नवरा आठ दिवसांसाठी मुलीकडे गेला आहे, तरी लावली. यावरूनच ओळखा. जे सांगणार आहे ते नवऱ्याला माहीत नाही, मुलीला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसाच्या तोंडावर सांगायची छाती असती तर ही वेळच आली नसती.

मी ग्रंथपाल आहे. अमरावतीच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात — कोणत्या ते विचारू नका — आणि घर अकोल्याला. रोज सकाळी गाडी पकडून बडनेऱ्याला उतरायचं, तिथून ऑटोने कॉलेज, संध्याकाळी तेच उलटं. पुढच्या वर्षी रिटायर होईन. निरोप समारंभ होईल, शाल-श्रीफळ मिळेल, आणि कुणीतरी उठून माझ्या 'त्या लेक्चर'चं कौतुक करील. करणारच. 

ते लेक्चर म्हणजे काय ते आधी सांगते, कारण घाण तिथेच साठलेली आहे.

दरवर्षी नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात मुलांना लायब्ररीत आणतात आणि संदर्भ कसा शोधायचा ते मी त्यांना शिकवते. मी सांगते, बाबांनो, इमारतींचा अभ्यास करणाऱ्याला एका कपाटात सगळं मिळत नाही. बांधकामाची मानकं इथे, मासिकं तिथे, गावठाणाचे जुने नकाशे भूमी अभिलेखच्या कचेरीत, पावसाची नोंद आणखी कुठे, आणि गवंड्याच्या डोक्यात जे आहे ते तर छापलेलंच नाही. नेटवर पहिलं दिसेल ते उचलू नका. सीनियरचा प्रबंध उतरवू नका. जिथून घेतलं त्याचं नाव, पान, दाखल क्रमांक लिहा. आणि शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणते, ज्या कागदापर्यंत दुसऱ्या माणसाला पोचता येत नाही, तो संदर्भच नाही.

मग मी एक गोष्ट सांगते. 'आपल्याच कॉलेजातली एक मुलगी होती. नाव नाही सांगत. तिनं प्रबंधात असे कागद दाखवले जे जगात नव्हतेच! ज्युरीत विचारलं, कुठे आहेत? तर म्हणे, होते, आता नाहीत.' इथे मी थोडी थांबते. मुलं हसतात. थांबायचं किती ते मला बरोबर जमतं — सवयीने जमतं.

तर ती गोष्ट खोटी आहे. म्हणजे मुलगी खरी आहे, ज्युरी खरी आहे. कागदही — पण थांबा. एकदम नाही सांगता येत. माणसापासून सुरुवात करते.

गावंडेकाका. अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत आयुष्यभर नकाशे काढून रिटायर झालेला आरेखक माणूस. सहा वर्षांपूर्वी, थंडीच्या दिवसांत, ते दोन पोती घेऊन लायब्ररीत आले. अकोल्याहून एसटीने, टपावर पोती टाकून. त्यांत काय होतं? आयुष्यभराचे रविवार होते. कचेरीला सुट्टी असली की हा गृहस्थ सायकल काढून पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या — जिथे जमिनीखालचं पाणीही खारं — गावांत जायचा आणि घरं मोजायचा. मातीच्या भिंतींची, धाब्याची घरं — लाकडी सऱ्यांवर खारी माती टाकून केलेलं सपाट छप्पर, ते धाबं. भिंत किती जाड, पाया किती खोल, काळ्या मातीत मुरूम किती भरला, सगळं पेन्सिलीनं काढलेलं. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसाळ्यात फुगते, आणि वरचं घर तडकतं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण हा माणूस भेगेवर काचेची पट्टी चिकटवून यायचा. पुढच्या खेपेला पट्टी शाबूत आहे की तुटली ते बघायचा, भेग मोजायचा, लिहायचा. तीच भिंत, तीच भेग, वर्षानुवर्षं. असं कुणी करतं का? मी त्या दिवशी मनात म्हटलं, रिकामटेकडा दिसतो.

"बाई, घरी ठेवून काय करू?" काका म्हणाले. "पोरगा म्हणते रद्दी हाय. तुमच्या पोराइले कामी येईन. एक पोच तेवढी लिहून देता काय?"

"देते हो काका," मी म्हटलं, "रजिस्टरवर नोंद झाली की लगेच."

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. लायब्ररीत पुस्तक आलं म्हणजे ते आलं असं होत नाही. दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक मिळाला, पाठीवर चिठ्ठी लागली, की मग ते आलं. त्याआधी ते नसतं. टेबलावर डोळ्यांसमोर पडलेलं असलं तरी नसतं! बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, पण आम्ही त्यातच केस पांढरे केलेत. आणि देणगीची नोंद म्हणजे कटकट असते. यादी करा, किंमत ठरवा, समितीची मंजुरी घ्या. दोन पोती सुट्या कागदांची यादी कोण करणार? मी ती मागच्या खोलीत सरकवली. 'करू निवांत' म्हटलं. पोच दिली नाही.

महिन्याभरात प्रणाली आली.

शेवटच्या वर्षाला होती. भातकुली तालुक्यातल्या एका गावची, वडील तिथल्याच शाळेत शिपाई, घरात कॉलेजची पायरी चढलेली ही पहिलीच. उंच, बारीक, बोलताना ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची. शुद्ध बोलायचा प्रयत्न करायची, घाबरली की वऱ्हाडीवर यायची. मीही अकोल्याचीच, पण कॉलेजात मी पुस्तकी बोलते. का? तसं बोललं की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं, दुसरं काय.

तिचा प्रश्न साधा होता. वडिलांनी सरकारी घरकुल योजनेत विटांचं नवं घर बांधलं, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात त्याच्या भिंतीत बोट जाईल एवढी भेग पडली. गल्लीतली बहुतेक नवी घरं तशीच. आणि शेजारची जुनी मातीची घरं मात्र उभी. का? तिला प्रबंधात हे शोधायचं होतं. तिच्या गाइड सरांनी सांगितलं होतं, विषय चांगला आहे पण आधार कुठून आणशील? ती महिनाभर हिंडली होती. विद्यापीठाची लायब्ररी, सरकारी कचेऱ्या, नेट. सगळीकडे काळ्या मातीची माहिती होती, पण या घरांची नव्हती. माझ्याकडे आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर थकवा दिसत होता.

आणि मी — हे मला नीट सांगू द्या, कारण एवढंच एक चांगलं काम माझ्या हातून झालं आणि नंतर मी तेच गिळलं — मी तिला मागच्या खोलीत नेलं आणि पोती उघडून दिली.

तिचा चेहरा मला अजून दिसतो. तिसऱ्या की चौथ्या शीटवर तिच्याच गावाचं नाव निघालं. "मॅडम! हे आमच्या गावचं हाय!" ती ओरडलीच, आणि मग लायब्ररीत ओरडली म्हणून स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

तीन आठवडे ती त्या खोलीत बसत होती. पंखा नाही, खिडकी एकच. डबा खायला बाहेर जायची, हात धुऊन, पुसून परत यायची, कागदाला डाग नको म्हणून. एकदा तिनं विचारलं, मोबाइलवर फोटो काढू का? मी म्हटलं, नाही. ज्याची नोंद नाही त्याचा फोटो काढता येत नाही, आधी नोंद होऊ दे. नियमच आहे तसा. आणि ती बिचारी नियम पाळणारी! दुसऱ्या कुणी माझी पाठ वळताच पन्नास फोटो काढले असते. हिनं ट्रेसिंग पेपर आणला आणि शीटा हाताने उतरवून घेतल्या. भेगांचे आकडे वहीत लिहून घेतले. स्वतःच्या अक्षरात. हे 'स्वतःच्या अक्षरात' लक्षात ठेवा.

मार्चमध्ये इन्स्पेक्शन आलं. कॉलेजची मान्यता टिकवायची तर बाहेरून समिती येते, पुस्तकं मोजते, नोंदवहीशी ताडून पाहते. प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावून बजावलं, जे रजिस्टरवर नाही ते आवारात दिसायला नको. समिती यायला दोन दिवस होते. मी मागच्या खोलीत गेले. फुटकी खुर्ची, जुनी वर्तमानपत्रं, मोडकी मॉडेलं आणि ती दोन पोती. नोंद करायला दोन दिवस पुरले नसते हे खरं. पण पोती दोन दिवस दुसरीकडे ठेवता आली असती हेही तितकंच खरं. वर्कशॉपमध्ये, होस्टेलच्या खोलीत, कुणाच्या गाडीच्या डिकीत. मला सुचलं नाही का? सुचलं. कंटाळा आला. ऊन मी म्हणत होतं, सकाळपासून चिठ्ठ्या चिकटवून बोटं चिकट झाली होती, आणि रद्दीवाला हातगाडी घेऊन गेटवर उभाच होता.

मी म्हटलं, तेही घेऊन जा.

रद्दीवाला पोती उचलत असताना वरची एक शीट सरकून खाली पडली. मोठी, जाड, मागून कापड लावलेली. असा कागद हल्ली मिळत नाही. मला वाटलं, कपाटात अंथरायला बरा आहे. गुंडाळी करून पिशवीत टाकला आणि अकोल्याला घरी आणला. साड्यांच्या कप्प्याच्या मापाचा निघाला. काहीही कापावं लागलं नाही.

समिती खूश होऊन गेली. संध्याकाळी स्टाफसाठी गिलावडे मागवले होते. मी दोन खाल्ले.

एप्रिलमध्ये प्रणाली पुन्हा आली. एक आकडा पडताळून पाहायचा होता. मी पटकन म्हटलं, "ते बाइंडिंगला गेलेत." ग्रंथपालाच्या तोंडात हे वाक्य तयारच असतं. पुस्तक सापडत नसलं, हरवलं असलं, प्राचार्यांच्या घरी असलं — बाइंडिंगला गेलंय. समोरचा निमूट परत जातो. ती चार वेळा आली. चारही वेळा गेली. शेवटच्या वेळी म्हणाली, "मॅडम, बाइंडरचा पत्ता देता काय, मीच जाऊन पाहून येतो." मी चिडले तिच्यावर! चक्क चिडले. शिस्त नाही, धीर नाही, असं काहीबाही बोलले. ती सॉरी म्हणून गेली. ती सॉरी म्हणाली — मला.

मग मे महिन्यात ज्युरी, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक प्रबंधावर बेहद्द खूश झाले होते, असं मला नंतर कळलं. इतके खूश की त्यांना मूळ कागद पाहायचे होते. ती म्हणाली, कॉलेजच्या लायब्ररीत आहेत, बाइंडिंगला गेलेत. परीक्षकांनी दाखल क्रमांक विचारला. क्रमांक नव्हताच. गावंडे कोण ते विचारलं. तिनं शीटेवरून उतरवून घेतलेला त्यांच्या अकोल्याच्या घरचा फोन नंबर दिला. काका होळीच्या सुमारास वारले होते. मुलाने फोनवर सांगितलं, बाबांचे कागद? आमच्या घरी तर असं काहीच नाही. नव्हतंच घरी काही, सगळं आमच्याकडे आणून दिलं होतं ना! पण ऐकणाऱ्याला त्यातून काय समजणार? हाताने उतरवलेल्या शीटा, स्वतःच्या अक्षरातले आकडे, मेलेला माणूस आणि नसलेले कागद. परीक्षकांचं तोंड उतरलं, आणि खूश झालेल्या माणसाला आपण फसलो असं वाटलं की तो दुप्पट चिडतो. ठरलं, उद्या सकाळी ग्रंथपालांना बोलावून विचारू. शिपायाने मला ही बातमी दुपारीच आणून दिली.

म्हणजे माझ्याकडे अख्खी एक संध्याकाळ होती. गाडीत खिडकीशी बसून मी काय केलं असेल? वाक्यं जुळवली. 'सर, ते कागद होते, पण माझ्याकडून गफलत झाली.' हे मूर्तिजापूरपर्यंत माझं पक्कं होतं. मग पुढचं आठवायला लागलं. चौकशी होईल. देणगीची पोच का दिली नाही? मंजुरी न घेता रद्दीत कसे घातले? सर्व्हिस बुकात शेरा पडेल. अकोल्याला उतरेपर्यंत मी ते वाक्य सोडून दिलं होतं.

सकाळी कपाट उघडलं. प्राचार्यांच्या केबिनमध्ये जायचं म्हणून जरा बरी साडी शोधत होते. खालची निळी ओढली तसा सगळा गठ्ठा सरकला आणि कागदाचा कोपरा वर आला. भिंतीचं चित्र. भेगेची रेघ. तिच्या बाजूला, बारीक सुवाच्य अक्षरात, महिने आणि मापं. 'पट्टी शाबूत.' 'पट्टी शाबूत.' 'पट्टी तुटली.' खाली कोपऱ्यात काकांची सही आणि गावाचं नाव.

कळलं ना तुम्हाला? पुरावा माझ्याच घरात होता. हा एक कागद गुंडाळी करून नेला असता, त्या केबिनमधल्या टेबलावर पसरला असता, तर एक शब्दही बोलावा लागला नसता. मी त्या कागदाकडे किती वेळ पाहिलं ते सांगता येत नाही. बाहेर कुलर चालू होता, नवरा चहा झाला का म्हणून विचारत होता. मग मी कोपरा खाली दाबला, साड्या सारख्या केल्या आणि निळी नेसले.

केबिनमध्ये प्राचार्य, परीक्षक, तिचे गाइड सर आणि भिंतीला लागून उभी ती. तिला खुर्ची दिली नव्हती. मला दिली. मी आत आले तेव्हा तिचा चेहरा उजळला. हो — उजळला. मॅडम आल्या, आता सगळं नीट होईल, असं तिला वाटलं होतं. मी नोंदवही बरोबर नेली होती. ती उघडून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "सर, अशा वर्णनाचं कोणतंही साहित्य आपल्या ग्रंथालयात दाखल नाही."

पाहा, वाक्य कसं आहे. दाखल नाही. शब्दशः खरं! किती हुशार ना मी? पण परीक्षकांना शब्दांचे खेळ नको होते. त्यांनी सरळच विचारलं, दाखल नसेल, पण असे कागद इथे कधी होते का?

मी म्हटलं, "नाही, सर."

तेव्हा ती बोलली. मोठ्याने नाही. "मॅडम," ती म्हणाली, "तुमीच तं दाखवले होते."

मी तिच्याकडे वळून, अगदी मायेने — त्या मायेची मला आज शिसारी येते — म्हटलं, "तुझा काहीतरी गैरसमज होतोय, बेटा."

बेटा! मी जन्मात कधी कुठल्या विद्यार्थ्याला बेटा म्हटलेलं नाही. कुठून आलं ते तोंडात?

 वाद नाही, रडणं नाही. ती माझ्याकडे फक्त बघत राहिली. मला वाटतं ती शोधत होती. या बाईला विसरायला झालं असेल का, कुणी दम दिला असेल का, काहीतरी कारण असेल. ती माझ्यासाठी सबब शोधत होती. आणि मी नोंदवहीची पानं उलटत बसले होते.

आणखी एक सांगायचं आहे, आणि हे लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आले. त्याच वर्गात संचालकांची पुतणी होती. ते कागद तिनं वापरले असते आणि मला असंच केबिनमध्ये बोलावलं असतं, तर मी काय म्हटलं असतं? 'होते, सर. माझीच चूक झाली.' म्हटलं असतं, हात जोडून म्हटलं असतं. प्रणाली एका शिपायाची मुलगी, बौद्ध घरातली. तिच्या मागे कोण येणार होतं? आणि त्या खोलीत तिच्यावर अविश्वास ठेवायला कुणाला किती वेळ लागला? अर्धं मिनिटही नाही. मला ते आधीच माहीत होतं. खोटं बोलण्याआधी मी तिचं वजन करून पाहिलं होतं आणि ते हलकं भरलं. मी घरी जातपात मानत नाही असं सांगत फिरणारी बाई आहे. तुम्हाला किळस आली का? मला आली. पण तेव्हा नाही. तेव्हा मला फक्त हायसं वाटलं.

प्रबंध नामंजूर झाला. 'बनावट आधार' असा शेरा लागला. तिचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तिनं दुसराच विषय घेतला, बसस्थानकाचं डिझाइन, आणि काठावर पास झाली. तिला दिल्लीला पुढे शिकायचं होतं, घरांच्या मातीवरच काम करायचं होतं. त्या अर्जाला कॉलेजचं शिफारसपत्र लागतं. ते तिला कुणी दिलं नाही.

आणि मी? मला एवढ्यावर थांबता आलं असतं. पण कॉलेजात कुजबुज सुरू झाली होती. तिच्या वर्गातली दोन-चार मुलं म्हणत होती की कागद खरंच होते, आम्ही तिला त्या खोलीत बसलेलं पाहिलंय.  म्हणून त्या पावसाळ्यात, नव्या बॅचच्या लेक्चरमध्ये, मी ती गोष्ट स्वतःच सांगून टाकली. खोटे कागद दाखवणारी मुलगी. पहिल्यांदा सांगितली ती भीतीने. दुसऱ्या वर्षी जरा रंगवून सांगितली. त्यानंतर मुलं हसतात म्हणून सांगत गेले. प्राचार्य म्हणाले, मॅडम, काय प्रभावी उदाहरण देता तुम्ही! मी लाजले सुद्धा.

यंदाच्या लेक्चरला मागच्या बाकावरची एक मुलगी हसली नाही. तिनं हात वर केला. मला वाटलं वाय-फायचा पासवर्ड विचारणार. ती म्हणाली, "मॅडम, मंग त्या मुलीचं काय झालं?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "काय माहीत."

मला माहीत आहे. ती अकोल्यातच असते. एका ठेकेदाराच्या ऑफिसात मापं काढायचं आणि बिलं तपासायचं काम करते. ते ऑफिस स्टेशनच्या रस्त्यावर आहे, माझ्या रोजच्या वाटेवर. दोन वर्षांपूर्वी समोरासमोर आलो होतो. तिच्या हातात हेल्मेट होतं, पायांना चुना लागला होता. मी हसायची तयारी केली — बघा, हसायची! ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. तेव्हापासून मी रोज मागच्या गल्लीने जाते. लांब पडतं.

आज दुपारी मी साड्या काढून पलंगावर ठेवल्या आणि कागद बाहेर घेतला. कडांना पिवळा पडलाय, डांबरगोळ्यांचा वास आहे, पण अक्षर स्पष्ट आहे. तो आत्ता या टेबलावर माझ्या कोपराखाली आहे. उद्या तिच्या ऑफिसात नेऊन देणार, असं लिहिलं असतं तर तुम्हाला बरं वाटलं असतं आणि मलाही. पण मी स्वतःला चांगली ओळखते. उद्या सकाळी मी त्याच्यावर पुन्हा साड्या ठेवीनही. म्हणून तो ठेवायच्या आधी, जे त्या केबिनमध्ये म्हणायला हवं होतं ते इथे लिहून ठेवते.

प्रणालीने काहीही रचलं नव्हतं. कागद होते. मीच दाखवले होते.